जुनी कोणती, नवी कोणती

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गोंधळलेल्या माणसावर ओरडायची मला सवय आहे. "नीट सांग. आधी काय झालं ते आधी, मग पुढचं," हे मी वर्गात दिवसातून दहा वेळा म्हणते. आता माझ्यावरच पाळी आली आहे, तेव्हा मीही नीट सांगायचा प्रयत्न करते. खरं तर त्या दसऱ्यापासून पुढचे चार-पाच दिवस माझ्या डोक्यात जो काला झाला होता, तो अजून पुरता निवळलेला नाही.

माझे वडील सोपान. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आळेफाट्याला त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या आणि अण्णा त्यांतली तांब्याची तार उपसून नवी भरायचे. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, काठीने चालतात. उजवा हात तसाच राहिला. आणि बोलणं गेलं.

म्हणजे अगदी सगळं गेलं असंही नाही. एक शब्द उरला. चावी.

पाणी हवं असलं की चावी. पंखा बंद करा म्हणजे चावी. आईला हाक मारायची तर चावी, डॉक्टरांना रामराम करायचा तर चावी. कोणती चावी, कशाची चावी, कोणालाच माहीत नाही. त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले. फक्त शब्द सापडत नाही, जो हाताला लागतो तो बाहेर पडतो. रागावले की चावी मोठ्याने येते, दमले की हळू येते, एवढाच फरक.

मला ते 'अशे' म्हणायचे. माझं नाव अश्विनी. आई पूर्ण नाव घेते, धाकटा भाऊ गोरख ताई म्हणतो, शाळेत मी बाई. अशे म्हणणारे जगात अण्णा एकटेच. आणि आता मीही चावी झाले होते. मला ते सहन व्हायचं नाही. माणसाला बोलतं करायचं तर त्याला बोलायला लावलं पाहिजे, हे माझं मास्तरकीचं शास्त्र. त्यांनी "चावी" अशी हाक मारली की मी ओ द्यायची नाही. "मी चावी नाही अण्णा. अशी. म्हणा, अ-शी." ते माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी चावीच यायची. मी तोंड फिरवून कामाला लागायची. वर्षभर मी हे केलं. मी तापट आहे, हे मला कोणी सांगायला नको.

मग या पितृपक्षात एक दिवस भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की अण्णा 'अशे' कसं म्हणायचे ते मला आठवत नाही. शब्द आठवतो, आवाज आठवत नाही. शेवटचा 'शे' ते लांबवायचे की तोडायचे? मी मनात दोन्ही करून बघितलं. दोन्ही खोटं वाटलं. हातातली कढई तशीच ठेवून मी रडले.

तेव्हा तो व्हिडिओ आठवला. सात वर्षांपूर्वीचा, दुकानातल्या दसऱ्याच्या पूजेचा. मीच मोबाइलवर घेतला होता. तो मोबाइल कधीच मेला, पण त्याआधी गोरखने त्यातलं सगळं घरच्या हार्ड डिस्कवर टाकलं होतं. बारा-तेरा वर्षांचे घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्या एका डिस्कवर. अण्णांना कॅमेऱ्याचं वावडं, कोणी मोबाइल वर केला की गप्प व्हायचे. त्यांचा आवाज असलेली माझ्या माहितीतली ती एकच गोष्ट होती.

ओझरला आई-अण्णांच्या घरी कपाटातून डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला लावली, तर ती कधी दिसे, कधी गायब होई. मी ती जुन्नरला अरहमकडे घेऊन गेले. अरहमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या शाळेची मशिनं तोच बघतो. खंडेनवमीचा दिवस होता, बुधवार.

"ताई, हिची पिन ढिली झालीय आन् आतनं पण थकलीय," तो म्हणाला. "लई दिवस न्हाई काढायची. नवी घ्या आन् सगळं तिच्यावर उतरवून ठेवा."

त्याने नवी डिस्क दिली, त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची. जुनीचा डबा फुटला होता म्हणून दोन्हींना एकसारखे नवे काळे डबे घातले. तेवढ्यात लाइट गेली आणि त्याचा इन्व्हर्टरही बसला. त्याला संगमनेरला निघायचं होतं, बहिणीकडे कार्यक्रम होता, सोमवारीच परतणार होता.

"घरीच करा ताई, अवघड न्हाई," तो म्हणाला. "नवी लावली की ती विचारंल, फॉर्मॅट करू का? हो म्हणायचं. कोरी हाय, तिला एकदा तयार करावी लागती. मग जुनी लावा आन् सगळं कॉपी करा. जुनी काय विचारणार न्हाई."

मी मराठीची शिक्षिका असले तरी सूचना पाळते. तिथेच दोन डब्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. एकीवर लिहिलं जुनी, दुसरीवर नवी. अक्षर मोत्यासारखं, ठळक. डबे पिशवीत घातले आणि ओझरला येऊन आईच्या घरी टेबलावर ठेवले. मी राहते वारूळवाडीला; स्कूटीवर घरी गेले, उद्या दसऱ्याला सकाळी येऊन काम करू म्हटलं.

आता आमच्या घरची दसऱ्याची रीत. दुकान होतं तोवर अण्णा सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायचे: पाने, पकडी, मीटर, तार भरायचं मशिन. हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं काढली की मगच हात लावायचा. अण्णा आजारी पडल्यावर, या उन्हाळ्यात, दुकान हत्यारांसकट दुसऱ्याला दिलं. घरी राहिला फक्त एक लांब पेचकस, लाकडी मुठीचा. हा पहिलाच दसरा, ज्याला पाटावर मांडायला काही नव्हतं.

माझी आई, ठकूबाई, रिकामा पाट ठेवणारी बाई नाही. मी सकाळी पोचले तर पाट गच्च भरलेला. मध्ये पेचकस, शेजारी मिक्सर, इस्त्री, पाण्याची छोटी मोटर, टेबलफॅन. आणि पुढे, झेंडूच्या दोन फुलांखाली, दोन काळे डबे. दोन्हींवर हळदीचं एकेक बोट, कुंकवाचं एकेक बोट. चिकटपट्टी कुठेच नाही.

"आई, हे काय?"

"का? ह्यांच्यात बी मोटर असती. तुझ्या अण्णांनीच सांगितलं व्हतं मला, ती डिस्क आणली तवा. बारकी मोटर असती, गरगर फिरती म्हणून."

"ते कळलं. वरचे कागद कुठेत?"

"काढले. देवापुढं कोन कागुद चिकटवून ठेवतं का? वल्या फडक्यानं पुसून घेतलं सगळं."

"ओल्या?" माझा आवाज चढला. "आई, त्यात जुनी कोणती अन् नवी कोणती?"

आई पाटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. "दोन्ही नवीच दिसत्यात की," ती म्हणाली.

मी ओरडले. सणाच्या दिवशी, भरल्या घरात, अण्णा समोर खुर्चीवर बसलेले असताना. तुला कशात हात घालायची काय गरज, लिहिलेलं वाचता येत नाही तर विचारायचं तरी, वगैरे. आईला वाचता येतं, चौथी झालीय; ते मी तिला मुद्दाम लागावं म्हणून म्हणाले आणि ते तिला लागलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज हात लावायचा न्हाई. उद्या बघ काय बघायचं ते." अण्णा काठी आपटून "चावी!" म्हणाले. कोणाला गप्प करत होते, मला की तिला, तेही कळलं नाही.

मी एक दिवस थांबले. इतकं काही बिघडलं नाही, असं स्वतःला समजावलं. अरहमने सांगितलंच होतं ना: नवी असेल ती विचारेल, जुनी असेल ती विचारणार नाही. लावून बघितलं की कळेल. एवढी साधी गोष्ट.

शुक्रवारी सकाळी आईने फुलं काढली. मी अण्णांच्या शेजारच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि दोन डब्यांतला एक उचलून लावला. पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरायची तर आधी फॉर्मॅट करावी लागेल, करायची का?

विचारलं. म्हणजे नवी. मला इतकं हायसं वाटलं की मी आईला हाक मारून सांगितलं, "सापडली गं, हीच नवी!" आणि हो वर दाबलं. पाच-सहा सेकंदांत झालंसुद्धा. उघडून बघितलं, आत स्वच्छ, कोरी.

मग दुसरा डबा लावला. थोडा वेळ काही नाही. मग पडद्यावर तोच प्रश्न. ही डिस्क वापरायची तर आधी फॉर्मॅट करावी लागेल, करायची का?

मी तो प्रश्न चार वेळा वाचला. दोन्ही विचारत होत्या. एक कोरी होती म्हणून विचारत होती, आणि दुसरी? दुसरी थकली होती म्हणून. तिला आपल्याच पोटात काय आहे ते वाचता येत नव्हतं. पण कोणती कोरी आणि कोणती थकलेली? मी आत्ता फॉर्मॅट करून पुसली ती कोणती?

अरहमला फोन लावला. मागे ढोलकी आणि बायकांचा गलका. मी सगळं सांगितलं, आधीचं आधी आणि नंतरचं नंतर.

"ताई, आता कायच करू नका," तो म्हणाला. "दोन्ही तशाच ठेवा. सोमवारी घेऊन या. डबे उघडल्याशिवाय मला पण नाय सांगता यायचं."

"पण मी जुनीच पुसली असली तर?"

"सोमवारी बघू ना ताई," तो म्हणाला, आणि ज्या प्रेमाने म्हणाला त्यानेच मी जास्त धास्तावले.

त्या दिवशी दुपारी मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. दोन्ही डबे हातात घेऊन वजन केलं. नाकाला लावून वास घेतला. दोन्हींना हळदीचा आणि उदबत्तीचा वास. आईला विचारलं, कोणता डबा आधी उचललास, कोणता आधी पुसलास. आई बिचारी डोळे मिटून आठवत राहिली. "एकीवरला कागुद लगीच निघाला, एकीवरला नखानं काढला," ती म्हणाली. कोणत्या एकीवरचा, ते तिला आठवेना. मग मला वाटलं की मी पुसली ती उजव्या हाताची. मग वाटलं, नाही, उजव्या हाताला लॅपटॉप होता. शेवटी डबे पुन्हा मिसळू नयेत म्हणून पुसलेलीवर एक रबर चढवला. निदान एवढं तरी ठरलं: रबरवाली आणि बिनरबरवाली. जुनी कोणती, नवी कोणती, ते देवाला ठाऊक.

अण्णा खुर्चीतून हे सगळं बघत होते. मध्ये दोनदा "चावी" म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं पाणी मागतायत, आई देईल.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. गोरखला चाकणला फोन केला, तो कंपनीत आहे, त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं आम्ही धरून चालतो. "ताई, एवढं काय त्यात," तो म्हणाला. "पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर मिळतं. मी लिंक पाठवतो. त्या रबरवालीवर ते टाक, तिथूनच चालव, आन् बघ काय निघतंय. जुनी असंल तर फोटो निघतील, नवी असंल तर काय न्हाई निघायचं. कळलं का?"

कळलं. शेवटी कोणीतरी करण्यासारखं काहीतरी सांगितलं होतं. मी धावत ओझरला आले, लॅपटॉप उघडला, रबरवाली डिस्क लावली. ती बारीक गुणगुणू लागली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अण्णा खुर्चीतून उठून माझ्याकडे येत होते. डाव्या हातात काठी, आणि त्याच मुठीत काठीला लावून धरलेला देवघरातला तो लाकडी मुठीचा पेचकस.

"अण्णा, आत्ता नको," मी म्हटलं.

ते टेबलाशी बसले. आत टीव्ही लागला होता. त्यांनी तिकडे वळून "चावी!" असं दरडावलं आणि आईने तो बंद केला. मग त्यांनी पेचकसाचं टोक हळूच त्या काळ्या डब्यावर टेकवलं, वाकले, आणि मुठीला कान लावला.

दुकानात मी त्यांना असं शेकडो वेळा बघितलेलं होतं. चालू मोटरवर पेचकस टेकवायचा, मूठ कानाला, डोळे मिटायचे. "पुढचं बेरिंग गेलंय," म्हणायचे. किंवा, "तुझी मोटर चांगली हाय बाबा, पंपात खडा हाय." मोटर न उघडता. शेतकरी हसायचे, मग उघडल्यावर गप्प व्हायचे.

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी दुसऱ्या डब्याकडे बोट केलं. मी वायर बदलली. तीही गुणगुणू लागली. मला दोन्ही आवाज एकसारखेच. त्यांनी टोक टेकवलं, ऐकलं, यावेळी पटकन मान वर केली. पुन्हा पहिली लावायला लावली. पुन्हा डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या तोंडावर मी वर्षभरात न पाहिलेलं काहीतरी आलं. ते कामात होते. मग त्यांनी स्वतः वायर उपसली, रबरवाली डिस्क उचलली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "चावी."

मला कळलं. त्या वर्षात पहिल्यांदा मला पुरतं कळलं की ते काय म्हणतायत, आणि मला ते कळायला नको होतं. ही जुनी. हिचं बेरिंग झिजलंय. तू जी पुसलीस, तीच जुनी.

"नाही," मी म्हटलं. "अण्णा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. ही काय विहिरीवरची मोटर आहे? द्या इकडे, मला गोरखने सांगितलंय तसं करू द्या."

त्यांनी डिस्क सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर डावा तळहात ठेवला.

मी मागितली. मग हात धरून काढायला गेले. त्यांचा डावा हात अजून मोटरी उचलणाऱ्या माणसाचा आहे, तो हलेना. "चावी!" ते ओरडले, आणि इतक्या जोरात ओरडले की आई बाहेर आली. मीही ओरडले, "मी तुमचाच आवाज शोधतेय अण्णा! तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं!" हे काही खरं नव्हतं. माझ्यासाठी चाललं होतं. त्यांनी हात खिशावरून काढला नाही.

शनिवारी नाही, रविवारीही नाही. आंघोळीला जाताना त्यांनी डिस्क आईच्या हातात दिली आणि बाहेर आल्यावर आधी मागून घेतली. गोरखचे फोन येत होते: केलं का, केलं का? मी सांगितलं, अण्णा देत नाहीत. तो म्हणाला, झोपल्यावर काढून घे. रविवारी दुपारी ते खाटेवर झोपले तेव्हा मी जवळ गेलेही. हात खिशावरच होता. तो हात उचलायचं माझ्याने झालं नाही, खोटं कशाला सांगू. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

सोमवारी आम्ही दोघं ओळखीच्या रिक्षाने जुन्नरला गेलो. बिनरबरवाली माझ्या पिशवीत, दुसरी अण्णांच्या खिशात. वाटेत मला काही सुचत नव्हतं. अण्णांचं खरं असावं की खोटं? खरं असेल तर त्यांना अजून सगळं ऐकू येतं, कळतं, ते अजून तेच आहेत. पण मग त्यांचा आवाज मी माझ्या हाताने पुसला. खोटं असेल तर आवाज वाचला, पण मग अण्णा नुसतेच हट्टी म्हातारे झाले. दोन्हींतलं काय मागावं तेच मला कळेना.

दुकानात अण्णांनी आपण होऊन खिशातून डिस्क काढली आणि अरहमच्या हातात दिली. मला इतके दिवस न दिलेली वस्तू त्यांनी कारागिराला एका क्षणात दिली. अरहमने स्क्रू काढले, डबा उघडला. फटीत अडकलेली हळद काउंटरवर सांडली, ती त्याने बोटाने बाजूला केली. आतल्या डिस्कवरचा कागद वाचला.

"बारा सालातली हाय," तो म्हणाला. "हीच जुनी ताई."

मी पिशवीतली दुसरी डिस्क काउंटरवर ठेवली.

"पुसल्यावर हिच्यावर काय टाकलं का?" त्याने विचारलं. "फोटो, एखादं सॉफ्टवेअर, कायपण?"

"नाही. टाकणार होते. भावाने सांगितलं होतं. पण अण्णांनी दिलीच नाही."

अरहमने मान वर करून अण्णांकडे बघितलं. "लई बरं केलं अण्णा," तो म्हणाला. "ताई, फॉर्मॅटनं फक्त वरची यादी गेली. आतला माल बहुतेक जागेवर असंल. हिच्यावर नवं कायतरी पडलं असतं ना, तर ते जुन्याच्या जागेवर बसलं असतं. मग मी हात जोडले असते."

अण्णा काउंटरवरचे त्याचे पेचकस बघत होते. त्यांतला एक उचलून त्यांनी टोक तपासलं आणि परत ठेवला.

चार दिवसांनी अरहमने नवी डिस्क घरी आणून दिली. अडीच-तीनशे फाइली फुटक्या होत्या, म्हणाला, बाकी आल्या. पण नावं गेली, तारखा गेल्या. अकरा हजार फाइली, एक, दोन, तीन, चार अशा नुसत्या आकड्यांच्या. त्यांतले व्हिडिओ चारशेच्या वर.

मी रविवारी सकाळी अण्णांच्या शेजारी बसले आणि एकेक उघडायला लागले. गोरखच्या लग्नातली पंगत. कोणाचं तरी बाळ, आमचं नाही. टोमॅटोचे क्रेट. पुन्हा पंगत, दुसऱ्याच कोणाच्या लग्नातली, आईही ओळखेना. एका व्हिडिओत नुसती जमीन आणि माझी चप्पल. कुठे अण्णा होते पण गप्प. कुठे आवाज होता पण बँडचा. अर्धी सकाळ गेली, मी कोणत्या साली आहे तेच कळेनासं झालं.

दोनशे चौदावा उघडला आणि आळेफाट्याचं दुकान दिसलं. पाट, पाने, पकडी, झेंडू. टोपी घातलेले अण्णा उदबत्ती ओवाळत होते. माझ्या आठवणीत तो व्हिडिओ चांगला दहा मिनिटांचा होता, त्यात अण्णा माझ्याशी खूप बोलत होते. तो निघाला चाळीस सेकंदांचा.

"अशे," अण्णा म्हणाले. शे तोडून म्हणाले, लांबवून नाही. "ठिव ते खाली. आदी हात जोड."

कॅमेरा हलला नाही.

"अशे. फोटू काय पळून चाललाय व्हय? अशे, ऐकतीस का? अगं अशे!"

पडद्याबाहेरून माझा हसण्याचा आवाज आला, आणि चित्र बंद झालं. चार वेळा हाक मारली होती त्यांनी. मी एकदाही ओ दिली नव्हती.

मी पुन्हा लावला. आई दारात येऊन उभी राहिली होती, तिने तोंडाला पदर लावला. मी तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात माझ्या दंडावर हात आला. अण्णा पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"चावी," ते म्हणाले. हळू, आणि शेवटचं अक्षर तोडून.

"ओ, अण्णा," मी म्हटलं.